आबांच्या आवाजातली चाळीस घरं

लोणावळा-मावळातला लेख म्हटल्यावर तुम्ही छत्री काढूनच बसला असाल. आता धुकं येईल, धबधबा येईल, गरम भजी येतील, कुणीतरी ओल्या खिडकीशी उभं राहून कुणाची तरी आठवण काढेल. मिटा ती छत्री. ह्या लेखात एक थेंब पडणार नाही. आमच्याकडे आणखी एक सीझन असतो, त्याचे फोटो कुणी टाकत नाही. चैत्र संपत आला की पवना धरणाचं पाणी उतरतं. काठावरच्या तंबूत राहायला आलेला पाहुणा सकाळी डोळे चोळत बाहेर येतो आणि विचारतो, "भैया, फोटो में तो लेक था?" आमची पोरं सांगतात, "सर, थोडा आगे गया है." जसं काही तळं कामशेतला बाजाराला गेलंय.

आणि मी मिमिक्री करतो म्हटल्यावर तुम्हाला हिरोंचे आवाज हवे असतील. तेही नाहीत. मला फक्त आमच्या भागातली माणसं येतात. पवनानगरच्या स्टँडवर आठ माणसांच्या जीपमध्ये तेरावा माणूस कोंबताना ड्रायव्हर ज्या प्रेमानं "मावशे, जरा लगटून बसा की" म्हणतो, ते मला येतं. आमचे हेडमास्तर प्रार्थना चालू असताना डोळे मिटून कुणाचं नाव पुकारायचे, ते येतं. शनिवारी तंबूवाल्या पाहुण्यांपुढं मी हे करतो. त्यांना ह्यातलं कुणीच माहीत नसतं, तरी हसतात. कुणाची नक्कल चाललीये हे न कळता हसणं म्हणजे काय, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. आता करतो. करून काही उपयोग नाही, पण करतो.

परवा तुकाभाऊंचा फोन आला. तुकाभाऊ म्हणजे गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे आपोआप अध्यक्ष. त्यांना कुणी निवडत नाही, ते आधीच खुर्चीत असतात. "पप्या, आखिती आली बरं का. त्यो स्पीकर चार्जिंगला लाव. आन औंदा पेनड्राइव्ह दोन आन, एक बिघडला तर पंचाईत नको."

मी "हो भाऊ" म्हटलं. तेव्हापासून ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठतो. आईला वाटतंय पोरीबिरीचं काही असेल. पोरीचं असतं तर किती बरं झालं असतं.

पाणी हटायला लागलं की आधी वास येतो. शेवाळाचा, मासळीचा आणि बऱ्याच वर्षांनी उघडलेल्या ट्रंकेचा, तिन्ही मिळून एक. मग देवळाचं शिखर दिसतं. मग देवळाचं पोट. मग एका सकाळी पायऱ्या. त्यांच्यामागनं गाळ उघडा पडतो. पहिल्या आठवड्यात तो लोण्यासारखा असतो, पाय घातला की पाय परत देतो, चप्पल ठेवून घेतो. पुढच्या आठवड्यात त्याला भेगा जातात. आणि मग त्या भेगाळलेल्या करड्या मैदानातून दगडांच्या सरळ सरळ रेषा वर यायला लागतात. ती जोती. घरांची. भिंती नाहीत, आढं नाही, दारं-चौकटी लोकांनी उठतानाच काढून नेल्या. घर जिथं बसलं होतं तेवढा चौथरा राहिलाय. एखाद्यावर फुटकं उखळ, एखाद्यावर जात्याची एकच पाळी. सगळं एका रंगाचं, एकसारखं.

हे आमचं जुनं गाव. मी जन्मायच्या कितीतरी आधी धरणात गेलेलं. मी तिथं कधी राहिलो नाही, तरी वर्षातनं एकदा तिथं घरी जातो.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी पितरांना पाणी द्यायचं असतं. मातीची छोटी केळी पाण्यानं भरायची, वर आंबा ठेवायचा, हात जोडायचे. इतर गावं हे घरात करतात. आमचं गाव गाळ तुडवत खाली उतरतं आणि ज्याचं त्याच्या जोत्यावर करतं. म्हणजे जे पितर वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यातच असतात, त्यांना आम्ही उन्हाळ्यात जाऊन घोटभर पाणी पाजतो. लहानपणी मी हे मोठ्यानं बोललो होतो. वडिलांनी हातातली केळी नीट खाली ठेवली, आणि मग माझ्या पाठीत धपाटा घातला.

पण आपलं जोतं कुठलं, हे कळायचं कसं? दर वर्षी गाळ सरकतो. गेल्या वर्षी लावलेली खूण यंदा दोन हात खाली. ज्यांनी ते गाव पाहिलं त्यातले बरेच गेले, उरलेले तेव्हा पाळण्यात नाहीतर कडेवर होते. त्यासाठी आमच्याकडे धोंडूआबा होते.

धरणाच्या वेळी सरकारी मोजणीदार आले, तेव्हा आबा विशीतले. साहेबानं टेपचं एक टोक शिपायाकडं दिलं आणि दुसरं, समोर उभा होता म्हणून, आबांच्या हातात. प्रत्येक घर किती खण, म्हणजे दोन खांबांमधल्या किती जागा, पडवी किती, गोठा किती, मागं झाड कुठलं. अख्खं गाव बुडवण्यासाठी मोजलं गेलं, आणि ते मोजताना एका पोराला पाठ झालं. पुढं सरकारी कागद कुठल्या कपाटात गेले ते कपाटालाच माहीत. आबा मात्र दर आखितीला वेशीच्या दगडाशी काठी टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं, ऐका. वेस सोडली की उजव्या अंगाला पैलं घर शिरपा शिंद्याचं. तीन खन, म्होरं पडवी. त्येला लागून बबन दळवी, पाच खन, मागं फनस..." अशी चाळीस घरं. ज्याचं नाव येईल ते कुटुंब केळी घेऊन पुढं व्हायचं. प्रत्येक घराच्या शेवटी आबांचा आवाज खाली उतरायचा, टेपचं टोक जमिनीला टेकवल्यासारखा. मग नाकानं एक श्वास. मग पुढचं घर.

हे मी गणपतीत स्टेजवर करायचो. पहिली पाच घरं बरोब्बर आबांसारखी. मग मधली सगळी नुसत्या सुरात, "हंहंहं तीन खन, हंहंहं पाच खन", आणि शेवटी काठी आपटून, "आन नदीच्या कडंला आमचं. दोन खन. संपलं गाव!" लोक लोळायचे. आबा पहिल्या रांगेत बसून हसायचे. "माझ्यापरीस बेस म्हनतंय बेणं," म्हणायचे आणि तंबाखू मळत बसायचे.

मधली चौतीस घरं मी कधी ऐकलीच नव्हती. नक्कल करणारा माणूस शब्द ऐकत नाही हो. तो सूर ऐकतो, श्वास ऐकतो, माणूस कुठं अडतो ते ऐकतो. माणूस काय म्हणतोय हे सोडून सगळं ऐकतो.

गेल्या वर्षी फाल्गुनात चारुता मॅडम आल्या. बडोद्याच्या. चित्रकार, पण चित्र काढताना मी त्यांना पाहिलं नाही. लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यात त्यांची तीन महिन्यांची रेसिडेन्सी होती. म्हणजे कुणीतरी राहायला जागा देतं, खायला देतं, आणि आपण जुने कागद, माती, लोकांच्या आठवणी असलं गोळा करून त्यातनं काहीतरी घडवायचं. मी हे घरी सांगितलं. आई म्हणाली, "जुनी कागदं उचकायची आन माती कालवायची? मंग तुझा बाप जन्मभर कचेरीत आन शेतात काय करतोय?"

मॅडमना गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलायचं होतं आणि म्हातारे अनोळखी बाईपुढं "बरं हाय, चाललंय" च्या पुढं जात नव्हते. म्हणून मी. मी एकाची नक्कल केली की दुसरा खुलायचा. "तू हे एकदम सरस करतोस," मॅडम म्हणायच्या. त्या बंगल्याच्या हॉलमध्ये एक लांबच लांब मांजरपाट अंथरला होता, भिंतीपासून व्हरांड्यापर्यंत. त्यावर त्यांना जुनं गाव मांडायचं होतं, घराला घर लावून. प्रत्येक जोत्यावरचा गाळ वेगळ्या डब्यात. तो चाळायचा, डिंकात कालवायचा आणि त्याच घराच्या जागी कापडावर सारवायचा. दगडांवर कागद ठेवून त्या कोळशानं घासायच्या, की दगडाचा चेहरा कागदावर यायचा. लोकांकडनं मिळालेल्या नोटिसा, शाळेचे दाखले, वाळवी लागलेली रेशनकार्डं पेटीत ठेवायच्या, मधे पातळ कागद घालून, बाळाला दुपट्यात घालतात तशा. "पण ह्या सगळ्याला धागा पाहिजे ना," म्हणायच्या. "घरांचा क्रम. तो एकाच माणसाकडे आहे."

चैत्रात एका सकाळी आम्ही आबांच्या ओटीवर बसलो. पंखा बंद केला, पत्रा तापून कडकड वाजत होता. आबांनी रेकॉर्डरकडं संशयानं बघितलं. "चालू झालं का डबडं?" मी म्हटलं, "झालं आबा, म्हणा." त्यांनी डोळे मिटले आणि वेशीपासून नदीपर्यंत सगळं गाव म्हटलं. चाळीस घरं. मधे एकदा फक्त खोकले. हौसाआजी, त्यांची बायको, आतनं चहा घेऊन आल्या आणि संपेपर्यंत कपबश्या हातात धरून दारात उभ्या राहिल्या. चहा गार झाला. मॅडमचे डोळे भरले होते. मी मनात आबांचा तो मधला खोकला पाठ करत होतो. पुढच्या गणपतीला कामाला येईल म्हणून.

मॅडमना आठवडाभर बडोद्याला जायचं होतं. रेकॉर्डर माझ्याकडं देऊन म्हणाल्या, "एवढं लॅपटॉपवर उतरवून ठेवशील?" हो म्हटलं. मग शनिवार आला. वाटलं, एवढं भारी मशीन हातात आहे तर आपला तंबूवरचा शो पण रेकॉर्ड करू. कार्ड भरलेलं दाखवत होतं. मी बटण दाबलं. त्यानं विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. इतकं सभ्यपणे विचारून त्यानं चाळीस घरं पुसली. दुसऱ्या दिवशी उतरवायला बसलो, तर आत मी. फक्त मी. जीपचा ड्रायव्हर, हेडमास्तर, आणि न कळता हसणारी माणसं.

घाबरलो, पण पुरता नाही. आबा आहेत की. उद्या परत जाऊ, पाया पडू, परत म्हणवून घेऊ. शिव्या देतील आणि म्हणतील.

सोमवारी सकाळी आबा गोठ्यात पडले.

तळेगावला दवाखान्यात आठ दिवस होते. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. घरी आणलं तेव्हा मी बघायला गेलो. आबा खाटेवर, उशीला टेकून. डोळे तेच, एकदम तल्लख. मला बघून त्यांनी तोंड उघडलं आणि घशातून काहीतरी आलं, "हं... हं...", जसं मी स्टेजवर मधल्या घरांना करायचो तसं. मी ओटीवर आलो आणि चपला न घालता घरापर्यंत गेलो. चटके बसत होते ते बरं वाटत होतं.

मॅडम धावत परत आल्या. मला म्हणाल्या, "बरं झालं रे, आपण वेळेत रेकॉर्ड केलं." तुकाभाऊ म्हणाले, "पप्या, देवानंच तुझ्याकडनं करून घेतलं बघ." वडील, जे मला आयुष्यात कधी शाबास म्हणाले नव्हते, त्यांनी जेवताना स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात घातली. सांगा आता. कुठल्या तोंडानं आणि कुठल्या क्षणी सांगायचं होतं? क्षण होते. मी मोजलेत, बरेच होते. प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघायचं की मी पुढच्या क्षणाची वाट बघायचो.

तंबूवाल्याचं पत्र्याचं गोडाऊन आहे. सीझन पडला की गाद्या, रजया तिथं छतापर्यंत रचतात. भर दुपारी मी तिथं शिरलो, दार लावलं, रजयांच्या मधे बसलो. बाहेरचा आवाज येत नाही. घामानं रेकॉर्डर हातात टिकत नव्हता. डोळे मिटले. "हं, ऐका. वेस सोडली की उजव्या अंगाला..." आणि आबा आले. अगदी आले. पाच घरं धडाधड. मग सहावं. तिथं मला माहीत होता तो फक्त सूर.

मग मी गाव रचलं. आडनावं माहीत होती, ती कुठंतरी बसवली. कोण कुणाला लागून, हे कानाला बरं वाटेल तसं. खण तीन-पाच-चार-दोन, ताल साधेल तसे. आडकरांचं घर आलं तेव्हा आबांच्या सुराला शेवटी एक झाड हवं होतं. झाडाशिवाय ओळ खाली टेकत नव्हती. म्हणून म्हटलं, "चार खन, परसात चिच." मधे कुठंतरी तो खोकला पण घातला. तो मात्र अस्सल होता.

मॅडमनी ऐकलं आणि रडल्या. आठवडाभर, ऐकून ऐकून, त्यांनी मांजरपाटावर गाव मांडलं. त्याच क्रमानं जोत्यांवरनं भरलेले डबे मी हातात देत होतो. हा आडकरांचा गाळ. हा घाऱ्यांचा. सारवताना त्यांची बोटं इतकी हळू फिरायची की मला तिथनं पळून जावंसं वाटायचं, आणि मी पुढचा डबा द्यायचो.

आखितीला सगळं गाव उतरलं. चिंचवड, चाकण, मुंबई, जिकडनं तिकडनं. आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं, खुर्चीचे पाय गाळात जाऊ नयेत म्हणून खाली फळी टाकली. ऊन असं की आंबे केळीवरच पिकतील. तुकाभाऊंनी वेशीच्या दगडावर स्पीकर ठेवला, अगरबत्ती लावली. स्पीकरला. मग मला खूण केली.

"हं, ऐका."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुष उगीच वर बघायला लागले. पहिली पाच कुटुंबं पुढं झाली, आपापल्या जोत्यावर गेली. मग सहावं, सातवं. थोडी कुजबुज झाली. घारे म्हणाले, "आपुन तर दरसाली तिकडं द्येतो." तुकाभाऊ म्हणाले, "गाळात चुकत असाल. आबांपरीस तुमाला जास्ती कळतं व्हय?" घारे सांगितलेल्या जोत्यावर गेले. माणसांचे पाय एकीकडं ओढत होते आणि आवाज दुसरीकडं नेत होता, आणि सगळे आवाजाचं ऐकत होते.

आडकरदादा पुण्याहून आले होते, साठी ओलांडलेले. गाव उठलं तेव्हा चार-पाच वर्षांचे. "चार खन, परसात चिच" ऐकलं आणि ते जागेवर थांबले. "चिंच," म्हणाले. "हो रे. चिंच होती! इथं, ह्या बाजूला. मला झोळीत घालायची आई तिच्याखाली. फांदीला झोळी... आठवतंय मला." त्यांनी नातवाला जवळ ओढलं आणि रिकाम्या गाळाकडं बोट करून ते झाड दाखवलं, इथं बुंधा, इथपर्यंत सावली. नातू बघत होता. आडकरदादा त्या जोत्यावर गुडघे टेकून ढसाढसा रडले. कुणाचं जोतं होतं ते, देव जाणे.

मी आबांकडं बघितलं नाही. मग बघितलं. आबा माझ्याकडंच बघत होते. डावा हात खुर्चीच्या हातावर आपटत होते, ठक, ठक, प्रत्येक चुकीच्या घराला. घशातनं "हं, हं" येत होतं. तुकाभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. "आबांना भरून आलंय," म्हणाले. "सवताचा आवाज ऐकतायत. रडा आबा, मोकळं व्हा." आणि आबा खरंच रडायला लागले. ते रडणं कसलं आहे हे मला कळत होतं, आणि स्पीकर बंद करायचं बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं.

चार पावलं. मी नाही गेलो.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाक की लेका, अजून काय गेलंय? कुणाला सांगू? तुकाभाऊंना सांगायला तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला सत्यनारायणाचं तीर्थ देऊन परत पाठवलं. आडकरदादांनी ते रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकलंय, दर महिन्याला मला नमस्काराचा मेसेज येतो. त्यांना काय लिहू, की तुमच्या आईनं तुम्हाला ज्या झाडाखाली निजवलं ते मी रजयांमध्ये बसून लावलं? मॅडमना मात्र फोनवर सांगितलं, आखितीनंतर दोन आठवड्यांनी. सगळं, कार्डापासून. मला वाटलं, आता बाई तोंड सोडणार. मी फोन कानाला घट्ट धरला, एक शब्द वाया जाऊ नये म्हणून. त्या म्हणाल्या, "अरे... हे तर फार इंटरेस्टिंग आहे ना." मग बोलत राहिल्या. आठवण म्हणजेसुद्धा एक नक्कल असते, खोटा पुरावा, खरी भावना, असं बरंच. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, प्रदर्शनात मांजरपाटाशेजारी माझं नाव लावलं तर चालेल का. मला शिव्या पाहिजे होत्या, बाईंनी मला कलाकार केलं.

लोकांना राग येतो तेव्हा तो अंगावर घ्यायला माणूस तरी लागतो. मी वर्षभर अंग पुढं करून उभा आहे, आणि लोक हार घालतायत.

एक माणूस रागावलं. आखितीच्याच दुसऱ्या दिवशी. मी आबांच्या घरी गेलो होतो, कशासाठी ते मलाही नक्की माहीत नव्हतं. आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून. हौसाआजी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी बसलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "कुटं बसून केलास त्यो आवाज?"

मी ओटीवर सांडलेले दोन तांदूळ उचलून सुपात टाकले.

"इचारतीया मी. कुटं?"

"गोडाऊनमध्ये, आजी. कार्ड पुसलं गेलं होतं. चुकून. मग आबा..."

"चुकून पुसलं ते चुकून. पुडलं बी चुकूनच केलंस का?" सूप खाली ठेवलं. "पन्नास वरसं त्या मानसासंगट भांडतीया मी. जेवढा म्या त्येचा आवाज ऐकलाय तेवढा त्यानं सवता न्हाई ऐकला. तुला वाटलं वळखायची न्हाई? पैली पाच घरं ऐकली तवा माजा बी जीव हालला. वाटलं, बोलला गं बाई. म्हनून त्येच्याकडं बघितलं. तर तोंड मिटलेलं, आन डोळं तुज्यावर."

"आजी, चुकलं माझं."

"गप. बोलू दे मला. आडकरांच्या परसात चिच कवा व्हती रं? उंबर व्हता. उंबराखाली त्येंची म्हस. दोन वरसं नांदली मी त्या गावात. सुनंला म्होरल्या वाटंनं जायची सोय न्हवती. रोज घागर घेऊन नदीवरनं वर, चाळीस घरांच्या परसामागनं. कुनाच्या चुलीवर काय शिजतंय त्या वासावनं घर सांगितलं असतं. पर डबडं घेऊन तुमी आला कुनाकडं? त्येच्याकडं. म्या चा घेऊन हुबी व्हते दारात. त्या बाईनं तरी इचारलं? तू इचारलं?"

मी म्हटलं, "मग काल तिथं का नाही बोललात?"

हे मी का विचारलं, मला माहीत नाही.

"बोलले की! घाऱ्यांच्या वक्ताला तुकाला म्हनलं, आरं ह्यो त्येंचा चौथरा न्हवं. काय म्हनला त्यो? 'आजी, आबा सांगत्यात ना.' जन्मभर ह्येच ऐकलं मी. आबा सांगत्यात ना. बरं, सांगत हुता तवा खरं तरी सांगत हुता. काल तर त्यो खुर्चीत मुका बसलेला, आन त्याच्याच आवाजानं मला गप केलं तुमी. आन त्याला बी."

"आपण आता परत करू, आजी. तुम्ही सांगा, मी खरंखुरं रेकॉर्ड करतो. सगळ्यांना ऐकवू."

आजी हसल्या. ते हसू मला काढता यायचं नाही, कधीच.

"आता? आता कोन ऐकंल रं? म्हनतील, नवरा हातरुनाला खिळला तर म्हातारी त्येच्याच इरुद्द बोलाया लागली. तूच शिकीवलंस त्येंला, त्येचा आवाज म्हंजी खरं." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "जा. ऊठ. आन असा ओटीवरनं पळू नगंस. आत जा, त्येच्या म्होरं हुबा ऱ्हा. त्येला काय म्हनायचं आसंल त्ये म्हनू दे. घंटा लागू दे न्हाईतर दिस लागू दे. आन तू आपलं त्वांड मीट, आन ऐक."